जुनी इलेक्ट्रिक गिटार घरीच दुरुस्त करायची असेल तर

माझे मामा बोटीवर होते. १९९६ च्या सुट्टीत येताना त्यांनी कोरियात बनलेली, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) आकाराची एक इलेक्ट्रिक गिटार आणली. काही वर्षं ती डिचोली-साखळी भागातल्या ऑर्केस्ट्रांत वाजली. मग आमच्या घरी माळ्यावर चढली आणि तिथे तिने चौदा पावसाळे काढले. मी ती खाली काढली तेव्हा तारा तांबूस गंजल्या होत्या, केसच्या आतल्या मखमलीला बुरशी धरली होती आणि अँपला (अँप्लिफायरला) लावली की सुराच्या आधी भुंग्यासारखी घूं ऐकू यायची.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे नवे पिकअप (तारांखालचे, तारेचं कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग) मागवले. बसवले, तरी घूं तशीच. तीन आठवडे डोकं लावल्यावर कळलं की ब्रिजला (बॉडीवरच्या, तारा अडकवतात त्या धातूच्या भागाला) जाणारी अर्थची तार मुळापासून तुटली होती. ती झाळायला पाच मिनिटं लागली. जुने पिकअप धडधाकट होते, आज तेच परत बसवलेले आहेत. पैसे गेलेच, पण उमेदही गेली, आणि पुढचे दोन महिने मी गिटारला हात लावला नाही.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. या कामात क्रम चुकला की सगळं चुकतं. गोव्यात गिटार दुरुस्त करणारे चांगले हात आहेत, पण थोडे, आणि लग्नसराई व नाताळ सुरू झाला की त्यांना मान वर करायला वेळ नसतो. रोजची सफाई, तारा, सेटिंग आणि साधी झाळणी एवढं स्वतःला येत असेल तर वर्षभर कुणावर अडून राहावं लागत नाही.

१. आधी ठरवा: ही गिटार मेहनतीच्या लायकीची आहे का?

घरचीच असेल तर प्रश्न भावनेचा असतो, पण तपासणी तरीही करा. विकत घेणार असाल तर ती तिथेच, पैसे देण्याआधी करा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, हणजुण्याचा बुधवारचा बाजार, ऑनलाइन जाहिराती, गोवा सोडून परत निघालेले लोक: वापरलेल्या गिटारी अशा अनेक वाटांनी हाताला लागतात. जाताना स्वतःची केबल आणि हातात मावणारा छोटा अँप घेऊन जा.

नेक (गिटारची मान) डोळ्यासमोर धरून, हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) बॉडीकडे, नेम धरल्यासारखं बघा. थोडा एकसारखा बाक असेल तर हरकत नाही, तो ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या दांडीने) सुटतो. पण नेक पिळलेला असेल, म्हणजे जाड तारेच्या बाजूचा बाक वेगळा आणि बारीक तारेच्या बाजूचा वेगळा, तर ती गिटार ठेवून द्या. नेक आणि बॉडीच्या सांध्यापाशी तडा आहे का पाहा. रंगाला बारीक रेघ गेलेली असेल तर चालेल, तडा लाकडात उतरलेला नको. जुन्या घरातून आलेली गिटार असेल तर मागची प्लेट उघडून आत बारीक भुकटी पडली आहे का बघा, कारण लाकडाला लागलेला किडा पुढे घरातल्या फर्निचरलाही लागू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रस रॉडचा नट फिरतो का. विकणाऱ्याची परवानगी घेऊन एलन की लावा आणि अगदी किंचित, सोडण्याच्या दिशेने हलवून पाहा. नट घासून गोल झालेला असेल किंवा जागचा हलतच नसेल तर दुरुस्ती घरची राहत नाही.

फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेले, पॉट (आवाज आणि टोनच्या नॉबखालचे भाग) खरखरणारे, जॅक (केबल घालायची जागा) सैल, तारा गंजलेल्या: यातलं काहीही असलं तरी घाबरू नका. भाव कमी करून घ्यायला ही कारणं चांगली आहेत आणि फार झिजलेले फ्रेट सोडले तर बाकी सगळी घरी सुटतात. घेताना मूळ बिल असेल तर मागून घ्या, नसेल तर तारीख, रक्कम आणि सीरियल नंबर लिहिलेली साधी पावती घ्या आणि सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा.

२. काय काय लागेल

यातलं बरंचसं पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या हार्डवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्स सुट्या भागांच्या दुकानांत मिळतं. गिटारचे खास भाग मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात.

- एलन कीचा मिलिमीटरचा संच. आशियात बनलेल्या गिटारींना ट्रस रॉडसाठी बहुतेक ४ किंवा ५ मिमी लागते, अमेरिकी फेंडरला १/८ इंच. जवळपासची चावी घालून जोर लावला की नट गोल झालाच म्हणून समजा.
- चांगल्या पोलादाचे चौफुली स्क्रू ड्रायव्हर, दोन मापांत
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- फीलर गेज. स्कूटरचे मेकॅनिक टॅपेट लावायला वापरतात तेच, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं
- मल्टिमीटर, साधा डिजिटल पुरतो
- सोल्डरिंगची इस्त्री: तारांसाठी २५ वॉट चालते, पॉटच्या पाठीवर झाळायला ४० ते ६० वॉटची बरी
- ६०/४० चं, आत रोझिन असलेलं बारीक सोल्डर
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- मास्किंग टेप, जुना सुती कपडा, जुना दात घासायचा ब्रश, लाकडाच्या दातकोरण्या, लाकडाचा गोंद
- ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) आणि कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा)
- तारांचे दोन संच, ९-४२ किंवा १०-४६ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात)

दोन संच का, तर सेटिंग शिकताना पहिला संच सारखा सैल-घट्ट होतो आणि दमतो. एक तार तरी तुटतेच.

३. उघडण्याआधी फोटो आणि वही

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा: पिकगार्डखालच्या (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखालच्या) तारांचे, मागच्या स्प्रिंगांचे, ब्रिजवरच्या प्रत्येक सॅडलच्या (तार टेकते त्या छोट्या तुकड्याच्या) जागेचे. कुठल्या रंगाची तार कुठे जाते हे वहीत लिहा. फोटोत काळी आणि गडद हिरवी सारखीच दिसते.

तारा घट्ट असताना पकडीने कापू नका. ९-४२ चा संच सुरात असतो तेव्हा नेकवर सगळ्या मिळून साधारण ३८ किलोचा ओढा असतो. आधी सगळ्या सैल करा, मग कापा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. नेकचे, पिकगार्डचे, ब्रिजचे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर लाकूड फुटतं.

४. सफाई

बुरशी आलेली केस आधी घराबाहेर काढा. केसला दोन दिवस कडक ऊन दाखवा, ब्रशने झाडा आणि तिचा उबट वास जाईपर्यंत गिटार आत ठेवू नका. गिटारला मात्र ऊन दाखवायचं नाही. उन्हाने रंग तडकतो आणि गोंद सुटतो.

बॉडी किंचित ओलसर कपड्याने पुसा आणि लगेच कोरडी करा. घामाचा जुना चिकट थर जात नसेल तर थोडा लायटरचा पेट्रोल कपड्यावर घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, आणि देवासमोरची समई विझली असल्याची खात्री करून पुसा. आधी कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी लावून बघा. थिनर कधीही वापरू नका.

फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय तेल लावू नका. गडद तपकिरी, न चमकणारा असेल तर तो बहुतेक शिसवीचा किंवा तिच्यासारख्या लाकडाचा असतो. त्याला वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब लावायचे, पाच मिनिटांनी पुसून टाकायचे. फिकट, चमकदार मेपल असेल तर त्यावर लॅकर असतो, त्याला तेल नकोच. खोबरेल तर कुठल्याच फिंगरबोर्डला लावू नका, ते कालांतराने खवट होतं.

शिसवीचं नाव निघालं म्हणून सांगतो. जगभरच्या गिटारींवर जिला भारतीय रोझवूड म्हणतात ती डॅल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसव. गोव्यातल्या जुन्या घरांमधल्या खुर्च्या आणि पलंग जिचे आहेत तीच. २०१७ साली या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि गिटार कंपन्यांची पळापळ झाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कोरियातून आलेल्या मामांच्या गिटारवर मला शिसव दिसली तेव्हा घरच्या माणसाला परक्या गावात भेटल्यासारखं वाटलं.

फ्रेटवरचा हिरवट-काळा थर काढायला फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावा, फक्त फ्रेट उघडे ठेवा आणि १००० नंतर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा. काही जण शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल सुचवतात. ती उत्तम चकाकी देते, पण तिचे बारीक कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि मग निघता निघत नाहीत. वापरायचीच असेल तर पिकअप टेपने पूर्ण झाका.

पॉट आणि स्विच खरखरत असतील तर आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब तीस-चाळीस वेळा पुढे-मागे फिरवा. कडी-कोयंड्याला मारतो तो नेहमीचा गंज सोडवणारा स्प्रे इथे नको. त्याचं तेल आत राहतं आणि धूळ धरतं. दोनदा क्लीनर मारूनही खरखर गेली नाही तरच पॉट बदलायचा.

५. सैल स्क्रू आणि रंग

स्ट्रॅपच्या बटणाचं भोक ढिलं झालं असेल तर दोन-तीन दातकोरण्यांना लाकडाचा गोंद लावून भोकात घाला, वरून सपाट कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू फिरवा. एम-सील भरू नका. पुढे कधी ते काढायचं झालं तर लाकूड सोबत निघतं.

रंगाविषयी माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या गिटारला नवा रंग देऊ नका. तरी द्यायचाच असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत द्या. दमट हवेत लॅकर मारला की त्यात ओल अडकते आणि वर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. जुना पॉलिएस्टरचा थर घासताना उडणारी धूळ छातीत जाते, त्यामुळे नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क हवा.

६. आवाज का येत नाही, किंवा नको तो का येतो

माझे पैसे इथेच गेले, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी गिटार बाजूला ठेवा आणि केबल तपासा. दुसऱ्या केबलने तोच दोष येतो का? दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर येतो का? जुन्या घरांत कित्येकदा अर्थिंगच नसतं किंवा तुटलेलं असतं, आणि त्याचा आळ गिटारवर येतो. वायरमनला बोलावून अर्थ तपासून घ्या. अँपच्या थ्री पिन प्लगची अर्थची पिन काढून काम भागवणं जिवावर बेतू शकतं. वाजवताना तारांना हात आणि ओठ माईकला लागल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी थांबा. जत्रेच्या मंडपात, जनरेटरवर, ओल्या जमिनीवर उभं राहून वाजवणाऱ्यांनी ही गोष्ट कधीच विसरू नये.

आता गिटार. अँप चालू ठेवून तारांना किंवा ब्रिजला हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर अर्थ जोडलेला आहे, शिल्डिंग (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं आतलं आवरण) कमी पडतंय. हात लावून काहीच फरक पडला नाही किंवा आवाज वाढला, तर अर्थ तुटलेला असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप आलाच पाहिजे. नाही आला तर ब्रिजला किंवा स्प्रिंगच्या पंजाला जाणारी तार शोधा. माझी तिथेच तुटली होती.

पिकअप जिवंत आहे का हे गिटार न उघडताही कळतं. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाच्या प्लगवर, टोकाला आणि दांड्याला, काड्या लावा. स्विच फिरवत एकेक पिकअप मोजा. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) साधारण ५.५ ते ७ किलोओहम, हमबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ७ ते ९ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पिकअप ठीक आहे. आकडाच आला नाही तर तार तुटली आहे, पण ती पिकअपच्या आतच तुटली असेल असं नाही. आधी स्विच आणि झाळलेले सांधे बघा. मी हे दोन मिनिटांचं मोजमाप आधी केलं असतं तर नवे पिकअप मागवलेच नसते.

झाळताना एक सूत्र: आधी सांधा तापवा, मग सोल्डर सांध्याला लावा. इस्त्रीच्या टोकावर सोल्डर वितळवून थेंब टाकला की तो वरवर चिकटतो. चांगला सांधा चकचकीत आणि पसरलेला दिसतो. मळकट, दाणेदार, गोळ्यासारखा दिसला तर परत तापवा. पॉटच्या पाठीवर झाळण्याआधी ती पॉलिश पेपरने खरवडून घ्या. तिथे कमी वॉटची इस्त्री मिनिटभर धरून ठेवण्यापेक्षा जास्त वॉटची चार सेकंद बरी, आतला पट्टा जळत नाही. पंखा सुरू ठेवा, धूर नाकात घेऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा, त्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

शिल्डिंगसाठी पिकअपच्या खाचांना आतून तांब्याची टेप लावतात. टेपचा गोंद वीज वाहून नेणारा हवा. तसा नसेल तर तुकड्यांच्या सांध्यांवर सोल्डरचा एकेक ठिपका द्या आणि सगळं मिळून एका तारेने अर्थला जोडा. इथला नेहमीचा घोटाळा असा: केबल घातली की जॅकची आतली पट्टी मागे सरकते, तांब्याला टेकते आणि गिटार एकदम मुकी होते. म्हणून जॅकच्या खाचेत, पट्टी जिथे टेकेल तिथे, तांब्यावर साधी इन्सुलेशन टेप लावा.

शिल्डिंगने खरखर कमी होते, पण सिंगल कॉइलची ५० हर्ट्झच्या विजेतून येणारी घूं पूर्ण जात नाही. ती पिकअपच्या रचनेतच आहे. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी ती जात असेल तर तुमचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे आणि सगळं जसं हवं तसंच चाललंय.

७. सेटिंग: चार मापं, याच क्रमाने

नव्या तारा लावा, सुरात आणा, ओढून सैल होऊ द्या, परत सुरात आणा. मगच मोजायला बसा. गिटार आडवी न ठेवता, वाजवताना धरतो तशी धरून मोजा. ट्रेमोलो (दांड्याने हलवता येणारा ब्रिज) असेल आणि तुम्ही तो वापरत नसाल तर मागचे, स्प्रिंगच्या पंजाचे दोन स्क्रू घट्ट करून ब्रिज बॉडीवर टेकवून टाका. नवख्याचा अर्धा त्रास तिथेच मिटतो.

पहिलं माप नेकच्या बाकाचं, ज्याला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, जाड ई तार नेक आणि बॉडी मिळतात त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट फीलर गेजने मोजा. ०.२ ते ०.३ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तारा सुरात आणा, शक्य असेल तर रात्रभर ठेवा, परत मोजा. लाकूड सावकाश बसतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा.

दुसरं, तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत: जाड ईला २ मिमी, बारीक ईला १.५ मिमी. बाकीच्या तारा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे मध्ये बसवा. तार फ्रेटला लागून झणझणत असेल तर किंचित वर घ्या. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तार झणझणावी म्हणून मुद्दाम जवारी काढतात, कान त्या आवाजाला सरावलेले असतात. माझी आई तर गिटारच्या झणझणीला चांगला आवाज म्हणायची. पण इथे तो दोष आहे, सूर लवकर मरतो. अँपमधून ऐकू येते का, हे बघा. फक्त जवळून, अँपशिवाय ऐकू येणारी किंचित झणझण सोडून द्या.

तिसरं, पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपच्या खिळ्यापासून तारेपर्यंत जाड बाजूला साधारण २ मिमी, बारीक बाजूला १.६ मिमी. जवळ नेला की आवाज मोठा होतो म्हणून लोक तो वर-वर घेतात. पण सिंगल कॉइलचं चुंबक तार ओढतं आणि वरच्या फ्रेटांवर एकाच सुरात दोन सूर भांडत असल्यासारखं ऐकू येतं. बेसूर वाटतंय आणि कारण सापडत नाही अशा वेळी आधी पिकअप खाली घेऊन बघा.

चौथं, इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर न्या. उतरता असेल तर पुढे घ्या. दर वेळी तार परत सुरात आणून मगच पुन्हा तपासा. हे शेवटी करायचं, कारण आधीच्या प्रत्येक मापाने ते बदलतं.

सहाही तारा बाराव्या फ्रेटवर बरोबर आहेत, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर कॉर्ड बेसूर लागतात? मग नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या; ट्रस रॉडचा नट वेगळा) खाचा उंच आहेत. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर खाच बारीक कानसेने उतरवता येते, पण एकदा जास्त खोल गेली की नट बदलावाच लागतो. मी पहिला नट असाच घालवला. तार खाचेत अडकून ट्यून करताना टिक् असा आवाज येत असेल तर कानस लागत नाही, खाचेत मऊ शिसपेन्सिल फिरवली तरी काम होतं.

८. फ्रेट समतल करणं

पहिल्या वेळी नको. एखादाच फ्रेट वर आला असेल तर बोटाने दाबून, लाकडी हातोडीची ठोक देऊन बसतो का बघा. सगळे फ्रेट घासून, परत गोल करून, चमकवायचे असतील तर ते काम शिकलेल्या हाताकडे द्या. तिथे दिलेले पैसे वसूल होतात.

९. आता अपग्रेड, पण या क्रमाने

इतकं झाल्यावर दोन आठवडे फक्त वाजवा. बदलावंसं वाटलेलं बरंच काही आपोआप यादीतून गळतं. उरलेलं माझ्या मते असं घ्या: आधी हाडाचा किंवा ग्रॅफाइटचा नट, मग ट्यूनर (इथे तार ताणायच्या खुंट्या), मग पॉट-स्विच-जॅक, आणि पिकअप सर्वांत शेवटी. सूर टिकत नसेल तर महागडा पिकअप तो बेसूर आवाज जास्त स्पष्ट ऐकवतो, एवढंच.

मागवण्याआधी मोजा. इथे इंच आणि मिलिमीटरच्या गोंधळात खूप जण फसतात. आशियाई गिटारींच्या पॉटची भोकं लहान असतात, अमेरिकी पॉटला ३/८ इंचाचं म्हणजे साधारण साडेनऊ मिमीचं भोक लागतं. पॉटच्या दांड्यावरचे दाते वेगळे असले की जुना नॉब बसत नाही आणि जोर लावला तर फुटतो. ट्यूनरचं भोक १० मिमीचं आहे की लहान, ब्रिजला सहा स्क्रू आहेत की दोन खुंट, पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर किती, ब्रिजचा ठोकळा बॉडीच्या जाडीत मावतो का: सगळं वहीत लिहून मग विक्रेत्याच्या मापांशी ताडा. स्केलही मोजा. ते नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट असतं. फेंडर पद्धतीच्या गिटारींचं ते ६४८ मिमी असतं.

सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, हमबकरला ५००. टोनचा कॅपॅसिटर सिंगल कॉइलला ०.०४७ किंवा ०.०२२, हमबकरला ०.०२२ मायक्रोफॅरॅड. महागडे कॅपॅसिटर विकत घेऊ नका, साध्या फिल्म कॅपॅसिटरने काम तितकंच चांगलं होतं.

काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, नाव लिहून ठेवा. माझे जुने पिकअप मी फेकले असते तर मामांच्या गिटारचा मूळ आवाज परत आला नसता.

१०. पावसाळ्यात

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साध्या तारा तीन-चार आठवड्यांत काळवंडतात. एलिक्सिरसारख्या लेप दिलेल्या तारा महाग पडतात, पण किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला त्याच परवडतात. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून-खालून कोरड्या कपड्याने पुसा.

गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के हवेत गिटार सुखात असते. जुलैत तेवढं जमणार नाही, पण ६५ च्या खाली राहिलं तरी खूप झालं. रंग बदललेलं सिलिका जेल मंद आचेवर तव्यात गरम करून परत वापरता येतं, तवा मात्र स्वयंपाकाचा घेऊ नका.

आणि रिलीफ वर्षातून दोनदा मोजा: एकदा जूनमध्ये पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर, एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर. नेक कुठल्या बाजूला सरकेल ते त्या लाकडावर असतं, अंदाजाने चावी फिरवू नका. माझ्या वहीत मामांच्या गिटारचे आकडे असे आहेत: डिसेंबर ०.२५, जुलै ०.४०, पुन्हा डिसेंबर ०.२५. जुलैतला फरक बघून मी पहिल्या वर्षी रॉड घट्ट केला आणि डिसेंबरात सगळे फ्रेट झणझणायला लागले. आता जुलैत ०.४० आला तर ब्रिजच्या सॅडल अर्धा फेरा खाली घेतो आणि रॉडला हात लावत नाही.